शरबत, सबील आणि मकतब

उन्हातून घरी आलेल्या माणसाला पाणी द्यावे ही आपल्या मुलखाची जुनी रीत. खेड्यात गूळपाणी पुढे येते, शहरात लिंबाचे सरबत. सरबत हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो कुठून आला हे विचारावेसे कुणाला वाटत नाही. शब्द बाहेरून आला तेव्हा त्याच्या तोंडी ‘श’ होता. मराठी जिभेने त्याचा ‘स’ केला आणि त्याला घरचा करून टाकला. पेला, सुरई, तबक, गुलाबदाणी हे सारे शब्द असेच आले आणि राहिले. हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईला आपण अरबी-फारसीचे काही वापरत आहोत असे वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही.

पण एप्रिल 2025 मध्ये या साध्या पेल्यावरही वाद झाला. आपल्या कंपनीच्या गुलाब शरबताची जाहिरात करताना योगगुरू रामदेव यांनी दुसऱ्या एका शरबताच्या पैशातून मशिदी आणि मदरसे उभे राहतात असे सांगितले आणि त्याला ‘शरबत जिहाद’ हे नाव दिले. हमदर्द कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 22 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने या विधानाने न्यायालयाच्या सद्सद्विवेकाला धक्का बसल्याचे सांगितले आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही असेही बजावले. मग त्या चित्रफिती काढून घेण्याची हमी देण्यात आली. कायद्याच्या बाजूने प्रश्न मिटला. मनाच्या बाजूने तो मिटला आहे काय? शरबताला धर्म असतो का, आणि शरबताच्या पैशातून शाळा निघाली तर तो गुन्हा आहे की पुण्य, हे दोन प्रश्न शिल्लक आहेत. त्यांची उत्तरे इतिहासात शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दाचे कूळ

उर्दू शाळेत मुलांना शब्दांची कुळे शिकवावी लागतात. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूतून फुटतात. ‘शीन-रे-बे’ या धातूचा अर्थ पिणे. त्यातून शरबत आले, पेय या अर्थाचा मशरूब आला आणि शराबही आली. या ठिकाणी वर्गात नेहमी हशा पिकतो. शरबत आणि शराब एकाच घरातले कसे?

मूळ अरबीत शराब म्हणजे कोणतेही पेय. निषिद्ध मद्याला कुरआनात वेगळा शब्द आहे, तो म्हणजे ‘खम्र’. मधमाशीच्या पोटातून येणाऱ्या, लोकांना आरोग्य देणाऱ्या मधाला कुरआन ‘शराब’ म्हणते. जन्नतमध्ये मिळणाऱ्या पवित्र पेयालाही तोच शब्द येतो. पुढे फारसी आणि उर्दूत शराब म्हणजे दारू असा अर्थ पक्का झाला आणि गोड, हलाल पेयासाठी शरबत हा शब्द उरला. मराठीतल्या दारूचीही गंमत अशीच आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’ या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. शिवकाळातला दारूखाना हा तोफेच्या दारूचा होता. शब्दांचे वेश बदलतात, म्हणून नुसत्या नावावरून माणसाचा काय किंवा पेयाचा काय, निवाडा करू नये.

याच धातूतून आलेला आणखी एक शब्द म्हणजे ‘मशरब’. त्याचा पहिला अर्थ पाणवठा. पुढे तो माणसाची वृत्ती, त्याचा पंथ या अर्थाने वापरला जाऊ लागला. सूफींच्या लिखाणात तो वारंवार भेटतो. शरीअत या शब्दाचा मूळ अर्थही पाण्याकडे नेणारी वाट असाच कोशकार सांगतात. आणि रस्त्यावर तहानलेल्यांसाठी जी पाणपोई लावतात ती ‘सबील’, म्हणजे पुन्हा वाटच. वाळवंटात वाट आणि पाणी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. ज्या वाटेने पाणी मिळेल तीच खरी वाट.

आणि एक शब्द असा आहे जो मराठी वाचकाला हसवेल. फारसी ‘गुलाब’ म्हणजे गुलाबाचे पाणी. अरबीत ‘ग’चा ‘ज’ होऊन ते झाले ‘जुलाब’. गुलाबाच्या गोड पाकातून हकीम कडू औषध देत, बहुधा पोट साफ करण्याचे. मग पाकाचे नाव औषधाला चिकटले आणि औषधाचे परिणामाला. मराठीतला जुलाब हा असा गुलाबाचा दूरचा नातेवाईक आहे. तोच शब्द युरोपात जाऊन ‘ज्युलेप’ झाला. शराबचे लॅटिनमधून ‘सिरप’ झाले, शरबताचे इंग्रजीत ‘शर्बेट’ आणि फ्रेंचमध्ये ‘सॉर्बे’. आज औषधाच्या दुकानात आपण खोकल्याचे सिरप मागतो तेव्हा तो जुना शराबच मागत असतो.

हकिमाचा पेला

शरबत जन्मले ते चैनीसाठी नाही, औषध म्हणून. त्यासाठी साखर लागली आणि साखर हिंदुस्थानची. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत शक्कर झाली, अरबीत सुक्कर, आणि पुढे युरोपभर गेली. ‘खंड’ फारसी-अरबीत कंद झाला. फळाचा, फुलाचा अर्क साखरेच्या दाट पाकात घातला की तो महिनोन्‌महिने टिकतो, हे ज्ञान इराणात आणि अरब जगात औषधशास्त्राचा भाग बनले. त्याआधी ग्रीक वैद्य मध आणि सिरका एकत्र करून औषध देत. इराणात त्याला सिकंजबीन म्हणतात. सिरका अधिक अंगबीन, म्हणजे मध. उत्तर हिंदुस्थानातली शिकंजी ही त्याचीच नात. सिरक्याची जागा लिंबाने घेतली, मधाची साखरेने, आणि नाव तेवढे आजीचे राहिले.

इब्न सीना (980–1037) याच्या ‘अल-कानून’ या ग्रंथाचा पाचवा खंड मिश्र औषधांचा आहे. त्यात अशा पाकांना आणि अर्कांना मानाची जागा आहे. बाराव्या शतकात कैरोत सुलतान सलाहुद्दीनच्या पदरी इब्न जुमैअ नावाचा वैद्य होता. तो धर्माने यहुदी. त्याने लिंबू, त्याचे पेय आणि त्याचे गुण यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे आपल्या लिंबूसरबताच्या पूर्वजांवर लिहिणारा एक यहुदी हकीम, त्याचा मालक एक कुर्द मुसलमान, लिखाणाची भाषा अरबी, आणि त्यातली साखर मूळ हिंदुस्थानातून गेलेली. शरबताची जात विचारणाऱ्याने हे कूळ नीट वाचावे.

त्या काळच्या कैरोत दरबाराच्या आणि दवाखान्याच्या औषधकोठीला ‘शराबखाना’ म्हणत. आजच्या कुणी ते नाव वाचून नाक मुरडले तर त्यात हकिमांचा दोष नाही.

दिल्लीचे दस्तरखान

हिंदुस्थानात शरबत आले तेव्हा इथला पेला रिकामा नव्हता. आयुर्वेदात फळांच्या आंबटगोड ‘पानका’ची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या खाण्यापिण्याच्या उपभोगांत पानकांचे वर्णन आहे. मराठी ‘पन्हे’ हे त्या पानकाचेच रूप. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे आणि आंब्याची डाळ देणाऱ्या घरात ज्येष्ठात लिंबाचे सरबत होते. एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा अरबीतून. दोघेही त्याच माठातल्या पाण्यात विरघळतात.

इब्न बतूता 1334 मध्ये दिल्लीला पोचला. मुहंमद तुघलकाच्या काळातल्या जेवणाचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. जेवणाआधी साखरेचे पाणी पेल्यांतून दिले जाई, जेवणानंतर सातूचे पेय आणि शेवटी विडा. या क्रमात अरब, इराणी आणि हिंदी रीती एकामागून एक मुकाट्याने बसलेल्या दिसतात. विडा तर आपलाच. पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटी माळव्यात मांडूचा सुलतान गियास शाह याच्यासाठी ‘निमतनामा’ हे सचित्र पाकपुस्तक तयार झाले. त्यात समोसे, भात, अत्तरे यांच्या जोडीला शरबतेही आहेत.

बाबराची हिंदुस्थानाविषयीची तक्रार प्रसिद्ध आहे. इथे बर्फ नाही, थंड पाणी नाही, चांगली खरबुजे नाहीत, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. नातवाने या तक्रारीचा इलाज केला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त पाणी थंड करण्याची कृती आहे. एक शेर पाणी कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी घ्यायचे, आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवायची. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि सुरईतले पाणी गार होते. ज्या सोऱ्याने तोफेची दारू पेटते त्यानेच पाणी थंड करावे, याचे अबुल फजललाही कौतुक वाटले आहे. अकबर लाहोरला गेल्यावर, 1586 पासून, उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. पिण्यासाठी मात्र बादशहाला गंगेचे पाणी लागे. तो आग्र्याला असला तर सोरोंहून, पंजाबात असला तर हरिद्वारहून मोहरबंद घागरी येत. बर्फ हिमालयाचा आणि पाणी गंगेचे, असा तो आबदारखाना होता.

आपल्या मुलखात

दख्खनमध्ये शरबत बहामनी काळापासूनच्या दरबारी रीतींबरोबर रुजले. पण ते फक्त सुलतानांच्या दरबारात राहिले नाही. शिवकालीन राज्यव्यवस्थेतल्या अठरा कारखान्यांच्या ज्या याद्या सांगितल्या जातात त्यांत जवाहिरखाना, तोफखाना, फरासखाना यांच्या रांगेत शरबतखाना आणि आबदारखाना ही नावे आहेत. त्याच काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही तयार झाला. तो प्रयत्न विद्वत्तेचा होता आणि स्वराज्याची भाषा घडवण्यात त्याला त्याची जागा आहे. तरी लोकांच्या तोंडचे सरबत काही हलले नाही. स्वराज्याला शरबतखान्याचे वावडे नव्हते, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम नोंदवून ठेवावी.

मातीनेही आपला वाटा उचलला. कोकणच्या रातांब्याने सरबताला लाल रंग दिला. अमसुले, आगळ, अमृतकोकम ही त्याची रूपे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांच्या घरात सारखीच होतात. कोकणी मुसलमानाच्या दस्तरखानावर सोलकढी असते आणि ती कुणाची हे विचारले तर तो म्हणेल, कोकणची. देशावर वाळ्याचे सरबत, सब्जाचे बी घातलेले गुलाबाचे सरबत. मुंबईत पारशी आणि इराणी मंडळींनी फालुदा आणि रासबेरी सोडा आणला. पुण्यात 1884 मध्ये अर्देशीर आणि मुंबईत 1889 मध्ये ड्यूक्स अशी पारशी सोडाघरे निघाली. 1833 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फाचे जहाज कलकत्त्याला लागले होते, आणि लवकरच मुंबईलाही तसा बर्फ येऊ लागला. बादशहाच्या पेल्यातला गारवा हळूहळू हातगाडीवर आला. क्रॉफर्ड मार्केटसमोरचे 1905 चे बादशाह हे फालुद्याचे दुकान त्या लोकशाहीचीच खूण म्हणायची. नाव बादशहाचे, गिऱ्हाईक रयत.

लग्नकार्यातही शरबताला मान आहे. निकाह झाल्यावर शरबत-पिलाई होते, पेला रिकामा करणारा तबकात काही रक्कम ठेवतो. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेले आणि हर्कलॉट्स यांनी इंग्रजीत आणून 1832 मध्ये लंडनला छापलेले ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक अशा रिवाजांचा खजिना आहे. मुरीद होताना मुर्शिदाच्या हातून शरबताचा प्याला घेण्याची रीतही त्यात येते. एकाच प्याल्यातून गुरू आणि शिष्य पितात, म्हणजे दोघांत उष्टेपण उरत नाही.

सबील

उष्टेपण आणि विटाळ हे शब्द आले की पाण्याचा खरा इतिहास सुरू होतो. सन 680 मध्ये, हिजरी 61 च्या मुहर्रममध्ये, करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसैन आणि त्यांच्या माणसांचे पाणी तोडण्यात आले. फुरात नदी जवळून वाहत होती आणि लहान मुले तहानेने व्याकूळ होती. त्या तहानेची आठवण म्हणून मुहर्रममध्ये सबील लागते. पाणी, दूध, शरबत जे जमेल ते. घेणाऱ्याला नाव, गाव, धर्म विचारायचा नाही हा सबिलीचा एकमेव नियम. ज्यांचे पाणी तोडले त्यांच्या नावाने पाणी देताना कुणाचे पाणी कसे तोडणार?

महाराष्ट्रातला मुहर्रम एकट्या मुसलमानांचा कधीच नव्हता. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत दोन्ही समाज खांद्यावर घेतात. अनेक गावांत मुसलमानाचे एकही घर नाही तरी पीर बसतात, डोले निघतात. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याचे नावच ‘बहिश्त’वरून आले आहे. पाणी देणारा तो स्वर्गातला. 1539 मध्ये चौसाच्या लढाईत बुडणाऱ्या हुमायूनला निजाम नावाच्या भिस्त्याने पखालीच्या आधाराने वाचवले आणि बादशहाने त्याला थोड्या वेळापुरते तख्तावर बसवले ही कथा सर्वांना माहीत आहे. पण तख्तावरून उतरल्यावर भिस्ती पुन्हा भिस्तीच राहिला. मुसलमान समाजातही काम करणाऱ्या जाती खालच्या मानल्या गेल्या, हे मान्य केल्याशिवाय सबिलीचे गुणगान अर्धवट राहील.

आणि याच देशात रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या घागरी होत्या. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. तहानेचा अर्थ कळलेल्या माणसाने दुसऱ्या तहानलेल्याला दिलेली ती जागा होती. सबील फक्त मुहर्रममध्येच लागते असे नाही.

कैरो शहरात सबिलीला एक वेगळे रूप आले. मामलूक आणि उस्मानी काळात तिथे ‘सबील-कुत्ताब’ नावाच्या दुमजली इमारती बांधल्या गेल्या. तळघरात नाईलच्या पाण्याचे टाके. खालच्या मजल्यावर जाळीच्या खिडकीतून वाटसरूंना पाण्याचे पेले. वरच्या मजल्यावर गरीब आणि अनाथ मुलांची शाळा. सुलतान कायतबाय याची 1479 ची आणि अब्दुर्रहमान कतखुदा याची 1744 ची सबील-कुत्ताब आजही उभी आहे. कुत्ताब म्हणजे आपले मकतब. खर्चासाठी दुकाने, घरे, जमिनी वक्फ केलेल्या असत. बांधणाऱ्यांचा विचार सरळ होता. तहान दोन प्रकारची असते, घशाची आणि डोक्याची. एका इमारतीत दोन्ही भागवाव्यात.

एका बाटलीची फाळणी

आता त्या लाल बाटलीकडे येऊ. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी 1906 मध्ये जुन्या दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी एक शरबत बनवले. उन्हाळी, डोकेदुखी, लघवीची जळजळ अशा तक्रारींवर युनानी वैद्यकातल्या थंड गुणाच्या वनस्पती एकत्र आणल्या. खुर्फा म्हणजे घोळीचे बी, कासनी, मुनक्का, नीलोफर, धने, गावजबान, वाळा, केवडा, गुलाब. कडू काढा कोण पिणार? म्हणून त्याचे शरबत केले. हकिमाच्या पेल्याची हजार वर्षांची युक्ती पुन्हा एकदा कामी आली.

नाव ठेवले ‘रूह अफ्जा’, आत्म्याला उभारी देणारे. हे नाव ‘गुलजार-ए-नसीम’ या मसनवीतल्या एका परीवरून घेतले असे सांगतात. ती मसनवी लिहिणारे दयाशंकर ‘नसीम’ हे लखनौचे काश्मिरी पंडित. ज्या शरबताला एका धर्माच्या खात्यावर टाकले गेले त्याचे नाव एका पंडिताच्या उर्दू काव्यातले आहे. आणखी एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. 1910 मध्ये मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने बाटलीवरच्या फुलापानांच्या रंगीत लेबलाचे चित्र काढले. तशी रंगीत छपाई दिल्लीत होत नव्हती, म्हणून लेबल मुंबईतल्या पारशांच्या छापखान्यात छापून घ्यावे लागले. नाव पंडिताचे, नुस्खा हकिमाचा, छपाई पारशाची.

1922 मध्ये अब्दुल मजीद वारले. थोरला मुलगा अब्दुल हमीद जेमतेम चौदाचा, धाकटा मुहंमद सईद दोन वर्षांचा. दवाखाना तगवला तो त्यांच्या बेगम राबिया यांनी. पुढे अब्दुल हमीद यांनी त्याचा मोठा कारखाना केला. 1947 ला देश फुटला आणि घरही फुटले. थोरला भाऊ दिल्लीत राहिला. धाकटा जानेवारी 1948 मध्ये कराचीला गेला आणि तिथे त्याने नवे हमदर्द उघडले. नंतर ढाक्याला शाखा निघाली आणि 1971 नंतर ती बांगलादेशची झाली. एक नुस्खा, तीन देश. सरहद्दी बदलल्या, तिन्हीकडचा रंग लालच राहिला. मे 2019 च्या रमजानमध्ये भारतात या शरबताची टंचाई झाली तेव्हा पाकिस्तानच्या हमदर्दने वाघ्यामार्गे माल पाठवण्याची तयारी जाहीरपणे दाखवली होती. प्रत्यक्षात बाटल्या आल्या की नाही याहून तो निरोप बोलका होता.

दिल्लीच्या थोरल्या भावाने काय केले हे नव्या पिढीला सांगायला हवे. 1948 मध्ये त्यांनी हमदर्द वक्फ केले, म्हणजे नफा समाजकार्याला बांधून टाकला. त्यातून वैद्यकाच्या इतिहासाची संशोधन संस्था निघाली, निजामुद्दीन वस्तीत 1969 मध्ये गालिब अकादमी उभी राहिली आणि 1989 मध्ये जामिया हमदर्दला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे सर्व धर्मांची मुले औषधनिर्माण, वैद्यक, विज्ञान शिकतात. भारत सरकारने हकीम अब्दुल हमीद यांना 1965 मध्ये पद्मश्री आणि 1992 मध्ये पद्मभूषण दिले. 1999 मध्ये ते वारले. कराचीतल्या धाकट्या भावानेही मदीनतुल हिकमत ही विद्यानगरी उभारली. 17 ऑक्टोबर 1998 रोजी कराचीत मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली. जी माती आपली म्हणून त्यांनी निवडली तिच्यातच ते मारले गेले. दोन भावांपैकी कुणी बरोबर निवड केली याचा हिशेब शरबताच्या पेल्यात मांडता येत नाही. दोघांनी शाळा काढल्या एवढे मात्र दिसते.

उरलेला प्रश्न

सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे वळतो. शरबताला धर्म असतो का? शब्द अरबी, साखर हिंदी, गुलाब इराणी, लिंबाची पुस्तिका यहुद्याची, कोकम कोकणचे, लेबल पारशाचे, नाव पंडिताच्या काव्यातले. आता यातून एका धर्माचा घोट वेगळा काढून दाखवावा.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शरबताच्या पैशातून शाळा निघाली तर? याचे उत्तर देताना आपण खजील होऊन ‘नाही नाही, तसे काही नाही’ असे म्हणण्याची गरज नाही. ताठ मानेने म्हणावे, हो, निघाली. कैरोत सहाशे वर्षांपूर्वी खाली पाणी आणि वर पुस्तके होती. दिल्लीत शरबताच्या नफ्यातून विद्यापीठ झाले आणि त्याचे दार कुणाला बंद नाही. अशा पैशाला जिहादच म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा कोशातला पहिला अर्थ पाहावा. तो आहे कसून प्रयत्न.

पण हे ताठ मानेने म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे आपणच आपल्याला विचारले पाहिजे. मुहर्रममध्ये आणि ईद-ए-मिलादला आपल्या मोहल्ल्यांत शरबताची पिंपे लागतात. चढाओढीने लागतात. मंडप, ध्वनिक्षेपक, फलक, आणि संध्याकाळी रस्ताभर पडलेले प्लॅस्टिकचे पेले. सबील आहे, पण तिच्या वरचा मजला कुठे आहे? 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले की 6 ते 14 वयोगटातल्या मुसलमान मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. चारांत एक. वर्गात शिकवणाऱ्याला हा आकडा कागदावर वाचावा लागत नाही. हजेरी घेताना जी नावे एकामागून एक गळत जातात, त्यांत तो दिसतो. सातवीनंतर मुलगी घरी बसते, आठवीनंतर मुलगा गॅरेजवर जातो. ज्या रस्त्यावर शरबताची सबील लागते त्याच रस्त्यावरचे हे गॅरेज.

एका दिवसाच्या शरबताइतका खर्च गल्लीतल्या एका मुलीच्या वर्षभराच्या पुस्तकांना पुरेल. शरबत बंद करा असे कुणी म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी दिलेच पाहिजे, आणि धर्म न विचारता दिले पाहिजे. पण दहा पिंपांतले एक पिंप कमी करून मोहल्ल्यात वाचनालयाचे एक कपाट उभे राहिले, तर कैरोच्या त्या जुन्या बांधणाऱ्यांशी आपले नाते सांगता येईल. उर्दूची पुस्तके त्यात असावीत, मराठीचीही असावीत. कपाटाच्या बाजूला पाण्याचा माठ असला म्हणजे झाले.